पोहणे : आपल्या घरात उशिरा पोचलेला व्यायाम

व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तालीम येते, लेझीम येते, फार तर सकाळचे फिरणे येते. पोहणे काही येत नाही. मध्यंतरी आमच्या वसाहतीतल्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही सहज विचारले, की इथे बसलेल्यांपैकी किती जणांना पोहता येते? साठ-पासष्ट माणसे असतील. हात वर झाले सात. सातही पुरुष, आणि त्यातले पाच नदीकाठच्या गावांचे. महिलांच्या बाजूने एकही हात वर आला नाही, नुसते हसू आले. एक मावशी म्हणाल्या, "आमाला कुटं पवायला जायाचं बाबा, नळाला पानी आलं तरी लई झालं."

मावशींचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण त्याच मावशी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात, हेही आम्ही रोज पाहतो. म्हणून हा विषय आज घेतला आहे.

आम्ही स्वतः त्रेचाळीस वर्षांचे होईपर्यंत पाण्यात उतरलो नव्हतो. आम्ही कारकून माणूस. सकाळी दहापासून सहापर्यंत खुर्ची, आणि सहानंतर समाजकार्य, म्हणजे पुन्हा खुर्चीच. एका बैठकीला दोन चहा धरले, तरी एप्रिल महिन्यात किती चहा होतात ते कार्यकर्त्यांना सांगायला नको. व्हायचे तेच झाले. कार्यालयात आरोग्य तपासणी शिबिर होते, तिथे रक्तदाब निघाला १५२ वर ९८, उपाशीपोटीची साखर ११८, आणि पाच फूट पाच इंच उंचीला वजन ८६ किलो. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि रोज चालायला सांगितले. चाललो. तीन आठवड्यांत उजवा गुडघा सुजला. पुन्हा डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, "मग पोहा." आम्ही म्हटले, "डॉक्टरसाहेब, आम्हाला पोहता येत नाही." ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "मग शिका."

त्यांना ते सोपे वाटले. आम्हाला का येत नव्हते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. १९९० च्या आसपास आम्ही दहा-बारा वर्षांचे होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली सगळी पोरे मळ्यातल्या विहिरींवर असायची. कोणाच्या कमरेला भोपळा, कोणाला पत्र्याचा डबा, कोणाला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा. थोरला भाऊ किंवा चुलता कमरेला दोर बांधून पोराला विहिरीत सोडायचा, दोन-चार दिवस गटांगळ्या खायला लावायचा, आणि आठवड्यात पोरगे काठावरून सूर मारायचे. गावात पोहायची शाळा ती. विहीर ज्याची, शाळा त्याची. आमच्या वस्तीच्या नावावर मळा नव्हता, तेव्हा विहीरही नव्हती. आमची एक पिण्याच्या पाण्याची विहीर होती, तिच्यात कोण उतरू देईल? दुसऱ्याच्या विहिरीत आमचे पोर दिसले, तर विहीर बाटली म्हणून जे व्हायचे ते टाळण्यासाठी आई दम द्यायची, "विहिरीकडं गेलास तर तंगडी मोडीन." तेव्हा वाटायचे, आईला बुडण्याची भीती आहे. पुढे कळले की बुडण्यापेक्षा तिला काठावरच्या माणसांची भीती जास्त होती.

आमच्याच वर्गातला, आमच्याच वस्तीतला एक मुलगा मुरमाच्या खाणीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात गेला. आम्ही पाच जण काठावर होतो. पोहता एकालाही येत नव्हते. याहून जास्त त्याविषयी लिहवत नाही.

हे एवढ्यासाठी सांगितले, की "आपल्या लोकांना पाण्याची आवड नाही" असे आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणताना आम्ही ऐकतो. आवडीचा प्रश्न नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे कागदावर जाहीरही केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले, आणि नंतर उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. ओंजळभर पाणी पिण्यासाठी दहा वर्षे! ज्या माणसांना पाणी पिऊ देत नव्हते त्यांना पोहू कोण देणार होते?

पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात जे लिहिले गेले ते वाचकांनी एकदा काढून वाचावे. सरकारी पैशाने पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे त्याच्या दुसऱ्या खंडात स्पष्ट आहे. नगरपालिकेचा जलतरण तलाव हा त्याच पंगतीत बसतो. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानेही तलाव, घाट, नळ यांवर अडवणूक करणे हा गुन्हा ठरवला. आम्ही ज्या तलावावर जातो तिथे कोणी जात विचारली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तिथे फक्त दोन छायाचित्रे, पत्त्याचा पुरावा आणि डॉक्टरांचा दाखला विचारतात. अडचण असली तर आता ती आपल्या मनात जास्त आहे.

आमच्या मनात तर भरपूर होती. पहिल्या दिवशी चड्डीवर उभे राहिल्यावर सुटलेल्या पोटाचे काय करावे ते कळेना. आमच्या तुकडीत अकरा जण सात ते दहा वर्षांची मुले, एक कॉलेजचा विद्यार्थी आणि आम्ही. पंचवीस-सव्वीस वर्षांचे प्रशिक्षक आम्हाला "काका" म्हणायचे, आणि आम्ही त्यांना मुलांच्या देखादेखी "सर". आमच्याच संस्थेच्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा त्या अकरांत होता. त्याने दुसऱ्या दिवशी वस्तीभर सांगितले, की साहेब पाण्याला घाबरतात.

पण खरे शिक्षण काय असते ते सांगतो, कारण ते कळल्यावर भीती निम्मी होते. पहिले चार दिवस हातपाय मारायचेच नाहीत. गळाभर पाणीसुद्धा नाही, छातीच्या खाली पाणी असलेल्या उथळ भागात उभे राहायचे, तोंडाने श्वास घ्यायचा, चेहरा पाण्यात घालायचा आणि नाकातोंडाने हळूहळू बुडबुडे सोडायचे. नवीन माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. कोंडला की छाती जड होते, छाती जड झाली की जीव घाबरतो, जीव घाबरला की माणूस डोके वर काढायला धडपडतो आणि त्याचे पाय खाली जातात. बुडण्याचा निम्मा प्रकार इथेच आहे. "काका, श्वास सोडा, पाणी तुम्हाला धरतंय," असे सर शंभर वेळा म्हणाले असतील. मग कठड्याचा दांडा धरून पाय मारणे. तेही गुडघ्यातून नव्हे, कमरेच्या सांध्यापासून. मग भिंतीला पाय टेकवून अंग लांब सोडून देणे. ज्या दिवशी हे साधले, त्या दिवशी आपले ८६ किलोचे धूड काही न करता दोन-तीन मीटर तरंगत गेले हे आम्हाला खरे वाटेना.

एकवीस दिवसांच्या पहिल्या तुकडीत आम्ही नापास झालो. मुले सगळी पास. दुसऱ्यांदा पैसे भरले आणि दुसऱ्या तुकडीच्या सतराव्या दिवशी पंचवीस मीटरची एक बाजू न थांबता पार केली. त्या पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा काय वाटले ते लेखात मांडता येणार नाही. बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हाही असे वाटले नव्हते.

आता शरीराला याने काय होते, ते पाहू.

गुडघ्याचे आधी घेतो, कारण आपल्या घराघरांत तो प्रश्न आहे. पाणी माणसाला खालून उचलून धरते. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले तर पायांवर साधारण निम्मे वजन येते, छातीएवढ्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश, आणि गळ्याएवढ्या पाण्यात जेमतेम एक दशांश. म्हणजे ७० किलोच्या बाईच्या गुडघ्यांवर गळाभर पाण्यात सातच किलो भार असतो. जमिनीवर दोन पावले टाकताना ज्यांना कळ येते, त्या बाईला पाण्यात अर्धा तास चालता येते. आणि हे चालणे लेचेपेचे नसते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट आहे. ते पुढे सारताना मांड्या, कंबर, पाठ, खांदे या सगळ्यांना काम पडते. सांधा दमत नाही आणि स्नायू दमतो, असा हा दुर्मीळ व्यायाम आहे.

दुसरे, रक्ताभिसरण. पाण्याचा दाब पायांवर बाहेरून पडतो, त्यामुळे पायांत साचणारे रक्त हृदयाकडे परत जायला मदत होते. शिवाय पोहताना माणूस आडवा असतो, म्हणून हृदयाला रक्त उंच चढवावे लागत नाही. छातीवरही पाण्याचा दाब असतो, त्यामुळे श्वास घेण्याच्या स्नायूंना प्रत्येक श्वासाला थोडा जोर लावावा लागतो आणि ते बळकट होतात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पन्नाशी ओलांडलेल्या आणि रक्तदाब थोडा वाढू लागलेल्या माणसांना बारा आठवडे नियमित पोहायला लावले. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी नऊ अंकांनी खाली आला. नऊ अंक म्हणजे थोडे नव्हेत.

तिसरे, साखर. हातापायांचे मोठे स्नायू एकदम कामाला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि नियमित व्यायामाने शरीरातले इन्सुलिन अधिक चांगले काम करू लागते. मधुमेहाने बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत किती छळले, हे आपण सगळे जाणतो. आज तो आपल्या वस्त्यांत घरोघर आहे. भाकरी जाऊन बिस्किटे आणि गोड चहा आला, मजुरी जाऊन खुर्ची आली, हे त्याचे एक मोठे कारण. खुर्ची मिळाली याचा आनंदच आहे. पण शरीराला ती कळत नाही.

किती पोहावे? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. सुरुवातीला एक बाजू पोहायची, थांबायचे, दम खायचा, परत यायचे. कठड्याला पोचल्यावर एक वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला. सत्तर किलोचा माणूस बेताने अर्धा तास पोहला तर सुमारे दोनशे कॅलरी खर्च होतात. इथे एक सावधगिरी. थंड पाण्यातून बाहेर आल्यावर भूक सपाटून लागते, आणि तलावाच्या फाटकाबाहेर वडापावची गाडी हटकून असते. एका वडापावात त्या दोनशे कॅलरी व्याजासह परत येतात. आम्ही पहिले दोन महिने हाच व्यवहार करत होतो आणि वजन का उतरत नाही म्हणून काट्याला दोष देत होतो.

आमचे पुढे काय झाले, तेही सांगतो. एक वर्षाने वजन ८१ झाले, रक्तदाब गोळी चालू असताना १३६ वर ८६ च्या आसपास राहू लागला, उपाशीपोटीची साखर १०६ आली. गोळी बंद झाली नाही. डॉक्टर तिचे प्रमाण वाढवणार होते, ते वाढवले नाही, एवढेच. मधल्या काळात आम्ही चहातली साखरही सोडली होती, त्यामुळे सगळे श्रेय पाण्याला देणे हिशोबाला धरून होणार नाही. झोप मात्र निश्चित सुधारली. पूर्वी रात्री दोन वाजता उठून बसायची सवय होती, ती गेली.

पोहण्याने दुखावलेला देह कुठवर जाऊ शकतो याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. सरकारला त्यांना पद्मश्री द्यायला २०१८ साल उजाडले, ही गोष्ट वेगळी.

आता महिलांविषयी, कारण या पानाच्या वाचक मुख्यतः त्याच आहेत. आमच्या तलावावर महिलांची वेळ दुपारी बारा ते एक होती. आता दुपारी बारा वाजता कोणती नोकरदार, धुण्याभांड्याला जाणारी किंवा शाळेतून मूल आणणारी बाई मोकळी असते? त्या तासाला तलाव जवळजवळ रिकामा असायचा, आणि मग "बायका येतच नाहीत" म्हणून तोही तास कमी करण्याची भाषा सुरू झाली. आमच्या सहचारिणी आणि महिला मंडळाच्या भगिनींनी एकशे चाळीस सह्यांचा अर्ज तयार केला. या ठिकाणी आमची कारकुनी कामाला आली. अर्ज नुसता देऊन यायचे नसते, त्यावर आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची असते. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्यायचे असते. अशी चार स्मरणपत्रे झाली. एक अधिकारी म्हणाले, "तुमच्या बायकांना पोहून करायचं काय?" महिला मंडळाच्या अध्यक्षा शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या मंडळी सकाळी फिरायला जातात त्या काय करायला जातात?" आठ महिन्यांनी आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सहा ते सात अशी वेळ मिळाली. महिला जीवरक्षक हवी, ही मागणी अजून फाईलीतच आहे.

कपड्यांचा संकोच पुष्कळ जणींना असतो. साडी किंवा सलवार-कमीज घालून पाण्यात उतरू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण भिजलेले सुती कापड अंगाला ओढते आणि पायांत गुरफटते. पण पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख मिळतो. आमच्या वसाहतीतल्या बहुतेक जणी तोच वापरतात. पाळीच्या दिवसांत पोहू नये असा वैद्यकशास्त्राचा काही नियम नाही. योग्य साधन वापरता येत नसेल तर ते चार दिवस सुट्टी घ्यावी. गरोदरपणात डॉक्टरांच्या संमतीने पोहणे चांगले असते, कारण पाठीवरचा भार हलका होतो.

आमच्या आईचे वय एकाहत्तर. तिने रोजगार हमीवर खडी फोडली, नंतर शहरात येऊन बांधकामावर पाट्या वाहिल्या. दोन्ही गुडघे झिजलेले. तिला पाण्यात न्यायला आम्हाला नव्हे, आमच्या मुलीला यश आले. नातीचा हात धरून ती पायऱ्यांवरून उथळ पाण्यात उतरली, कठड्याचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला, आणि दहा मिनिटे नुसती उभी राहिली. मग नातीला विचारले, "ह्ये एवढं पानी कुनाचं गं?" मुलगी म्हणाली, "आजी, नगरपालिकेचं." तिसऱ्या दिवशी तिने दांडा सोडला. आता ती आठवड्यातून तीनदा छातीभर पाण्यात वीस मिनिटे चालते. पोहत नाही, पोहणार नाही म्हणते. गुडघे बरे झालेले नाहीत, ते होणारही नाहीत. पण संडासात उठाबसायला पूर्वी सुनेला हाक मारावी लागायची, ती लागत नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळल्या पाहिजेत. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचा आजार बराच आढळतो. ज्यांना तो आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोहायला जाऊ नये. थंड पाण्याने आणि अंगातले पाणी कमी झाल्याने त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. फिट्स येणाऱ्यांनी एकट्याने कधीही उतरू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी तपासणी करावी. कानाचा पडदा फाटलेला असेल किंवा कान वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी पोहण्याआधी साखर तपासावी आणि काठावर ग्लुकोज किंवा साखर ठेवावी, कारण पाण्यात घाम जाणवत नाही आणि साखर उतरल्याचे चटकन कळत नाही. भरल्या पोटी उतरू नये, दम लागतो. आणखी एक, पोहण्याने हाडांवर भार पडत नाही, म्हणून हाडे बळकट करायला ते पुरत नाही. ज्यांना झेपेल त्यांनी थोडे चालणे, थोडे वजन उचलणे चालू ठेवावे.

क्लोरीनच्या वासाने नाक चुरचुरते, डोळे लाल होतात, म्हणून काहीजण सोडून देतात. खरे तर तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीनमध्ये माणसांचा घाम आणि लघवी मिसळली की तो येतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी अंगावर साधे पाणी घेणे हा शिष्टाचार नव्हे, आरोग्याचा नियम आहे. लहान मुलांना आधी लघवीला पाठवावे. मोठ्यांना काय सांगावे! केस आधी साध्या पाण्याने भिजवले तर क्लोरीन कमी शोषले जाते. पोहून झाल्यावर साबणाने अंघोळ करून अंगाला थोडे खोबरेल लावावे. कानात पाणी गेले तर मान तिरकी करून काढावे. केसांची पिन घालू नये.

मुलांच्या बाबतीत व्यायामापेक्षाही मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत लहान मुले फार. आपल्याकडे मुले मरतात ती खाणींत, बंधाऱ्यांत, विसर्जनाच्या घाटावर, आणि अलीकडे शेततळ्यांत. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो इतका निसरडा असतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. मुलांना सुट्टीत गावी पाठवताना हे बजावून सांगावे. आणि कोणी बुडताना दिसले तर पोहता येत नसलेल्याने उडी मारू नये. ओढणी, साडी, दोर, काठी फेकावी; रिकामा बंद कॅन फेकावा, तो धरून माणूस तरंगू शकतो. आमच्या त्या खाणीच्या काठावर एका बाईच्या डोक्यावर साडीने बांधलेला सरपणाचा भारा होता. ती साडी सोडायचे कोणाला सुचले नाही.

आमच्या तलावावर उन्हाळी तुकड्यांचे अर्ज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळतात आणि दोन दिवसांत संपतात. इतर शहरांतही साधारण असेच असते, तेव्हा आपल्या नगरपालिकेत आधी चौकशी करावी. डॉक्टरांचा दाखला आधीच काढून ठेवावा, ऐन वेळी तोच राहतो. आमच्या वसाहतीतल्या इच्छुकांनी येत्या दोन रविवारी वंदनेनंतर विहारात छायाचित्रे घेऊन यावे. अर्ज आम्ही भरून देऊ. मावशींचे नाव महिला मंडळाने यादीत सर्वांत वर लिहिले आहे, त्यांनी अजून हो म्हटलेले नाही.